राजाबाईच्या मुठीतलं सुकाणू

चैत्र लागला की टिळकवाडीतल्या त्या गल्लीत बायका नळावर एकमेकींना विचारायच्या, "राजाबाईच्या गौरीपुढं यंदा काय गं?" या एका प्रश्नावर राजाबाई वर्षभर जगायची. नवरा कोर्टात कारकून, घरात असला तरी नसल्यासारखा. लग्न होऊन ती सदलग्याहून आली तेव्हा तिच्या बोलण्याला कानडी हेल आहे म्हणून गल्ली तोंडाला पदर लावून हसली होती. मग एका चैत्रात तिनं कलिंगडाचं कमळ कोरलं, आणि हसणाऱ्या त्याच बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. पुढं दरवर्षी ट्रंकांवर साड्या अंथरून ती पायऱ्या करायची, त्यावर मण्यांचे राजहंस मांडायची. महिनाभर गौर बसायची ती पाळण्यात, आणि राजाबाई बसायची हरभऱ्याच्या झाडावर.

ऐंशी सालच्या चैत्रात नळावरचा प्रश्नच बदलला. "अक्काताईची बोट बघिटलीस काय गं?"

अक्काताई समोरच्या घरातली. वयानं लहान, बोलायला कमी, आणि आजवर तिच्या गौरीपुढं दोन काकड्या आणि एक पितळी मोर, संपलं. तिचा भाऊ रवळू मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्यानं भाच्यांसाठी परदेशातून प्लास्टिकच्या विटांचा खोका आणला होता, एकीच्या डोक्यावरची बोंडं दुसरीच्या पोटात घट्ट बसतात तसल्या विटा. पोरांनी चार दिवस घरं बांधली आणि खोका माळ्यावर गेला. तो खाली काढून, पोरांच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रावरून या बाईनं मराठ्यांच्या आरमारातली गुराब जातीची बोट बांधली होती.

"विटा एकावर एक ठेवायला काय अक्कल लागती?" राजाबाई सुनेला म्हणाली. "चार दिवसांचं कौतिक."

पण शुक्रवारी अक्काताईकडं हळदीकुंकवाला गेली आणि उंबऱ्यातच तिचे पाय थबकले. हातभर लांबीची ती लढाऊ बोट गौरीपुढं निळ्या लुगड्याच्या समुद्रात उभी होती. पुढं काढलेलं लांब नाक, दोन डोलकाठ्या, जुन्या धोतराची खळ घातलेली शिडं, दोन्ही अंगांनी तोफा. चौकोनी विटांना गोलाई कशी आणली असेल? राजाबाईनं जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा बाहेर, मग पुन्हा जरासा आत. केवढा धीर लागला असेल! काम कळणाऱ्याचा हेवा फार वाईट. अडाण्याला निदान नावं तरी ठेवता येतात.

बायका पन्ह्याच्या पेल्यांकडं वळल्या होत्या. राजाबाईचा हात बोटीच्या मागच्या अंगाला गेला. तिथं सुकाणू म्हणून एक बारकी तपकिरी वीट लावलेली होती, हरभऱ्याहून जराशी मोठी. ती कधी निघाली आणि कधी कमरेला खोचली गेली, हे तिचं तिलाही धड कळलं नाही. घरी येऊन तिनं ती हरभऱ्याच्या डब्यात खोल खुपसली. बायकांना काही दडवायला धान्याच्या डब्यासारखी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काताई दारात आली. "राजाक्का, बोटीचं सुकाणू सापडंना झालंय. पोरास्नी लई बोलले मी, पण त्येंनी न्हाय घेतलं म्हनत्यात."

"पोरंच ती. इसरली असतील," राजाबाई म्हणाली. आत कुठंतरी तिला बरं वाटलं.

मंगळवारी तिच्याकडचं हळदीकुंकू. दुपारी ती डब्याकडं गेली, तर डबा रिकामा.

"आत्या, काल सांजंलाच भिजत घातले की हरभरे," सून अंजना म्हणाली. "सगळेच घातले, बायका लई येतात आपल्याकडं."

परात भिजल्या हरभऱ्यांनी शिगोशीग भरली होती. सगळे तपकिरी, सगळे फुगलेले, आणि पहिली बाई दारात उभी. सुनेला बाजूला सारून राजाबाई स्वतः ओट्या भरायला बसली. प्रत्येक मूठ बोटांनी चाचपायची आणि मग सोडायची. "कलिंगड काय सुरेख कोरलंय!" कुणीतरी म्हणालं. तिला ऐकूही आलं नाही.

अक्काताईनं पदर पसरला. राजाबाईनं मूठ भरून तिच्या पदरावर नेली, आणि तळव्याला टोचलं. कोपरे होते. हरभऱ्याला कोपरे नसतात.

सवाष्णीच्या पदरावर नेलेली मूठ मागं घेत नाहीत. तसलं अशुभ त्या गल्लीत कुणी केलं नव्हतं, आणि भोवती दहा जणी बघत होत्या. राजाबाईनं मूठ सोडली.

अक्काताईनं पदरात बघितलं. बोटानं हरभरे जरासे सारले. मग मान वर करून राजाबाईच्या डोळ्यांत बघितलं. राजाबाईला कळून चुकलं. आता ही बोलणार, आणि उद्यापासून नळावर आपलं नाव चोर म्हणूनच निघणार.

अक्काताईनं पदराला गाठ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "राजाक्का, काय बी म्हना, तुमच्या कलिंगडाची सर कशाला न्हाय बघा."

दुसऱ्या दिवशी बोटीला सुकाणू लागलं. सापडलं कुठं, असं विचारणाऱ्यांना अक्काताई "घरातच हुतं" एवढंच सांगायची. पुढच्या वर्षी तिनं खोका रवळूच्या पोरांना देऊन टाकला, आणि तिच्या गौरीपुढं पुन्हा दोन काकड्या आणि पितळी मोर आला. नळावर बायका पुन्हा विचारू लागल्या, "राजाबाईच्या गौरीपुढं यंदा काय गं?"

राजाबाईला सगळं परत मिळालं होतं. ती कलिंगड घेऊन बसायची आणि कोरता कोरता तिचा हात थांबायचा. बोट बांधायला ती एक वेळ शिकली असती. पण तो पदर तिचा असता, तर तिनं गाठ मारली नसती. समोरच्या दाराकडं बघून ती अजून जळायची, बोटीवर नव्हे, अक्काताईवर.