शालूताईंचे खूरवाले प्राणी

उल्हासनगरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी नळावर होते. बुवापाड्यात आमच्या गल्लीला पाणी दुपारी येतं. शेजारच्या मंदाबाई लगबगीने आल्या, माझ्या हातातला हंडा काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू घरी जा. तुझं पाणी मी भरते." मंदाबाईंनी आजवर कुणासाठी स्वतःचा नंबर सोडलेला नाही. हंडा त्यांच्या हातात गेला आणि मला कळलं, शालूताई गेल्या...

शालूताई माझी नणंद. बदलापूरच्या एका मराठी शाळेत प्राथमिकच्या बाई होत्या. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. वयाने माझ्याहून लहान, पण शिकलेल्या, म्हणून मी त्यांना अहोजाहो करायची आणि त्या मला अगंतुगं. मी चौथीपर्यंतची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांच्यासमोर मात्र फुटायचा, कारण त्या गप्प बसूच द्यायच्या नाहीत.

त्यांच्या वर्गात चामटोलीची एक मुलगी होती. तिने विचारलं, "बाई, डुकराला खूर असतो का पंजा?" ताईंना नीट सांगता आलं नाही. उल्हासनगरला परसूभाई नावाच्या सिंधी माणसाचं सायबर कॅफे होतं, तिथे जाऊन त्यांनी शोधलं. सगळं इंग्रजीत. मराठीत काहीच नाही. घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, मीच लिहिते. खूर असलेला एकेक प्राणी, एकेक पान. पोरांनी कधीही उघडावं आणि वाचावं." परसूभाई त्यांना हसले होते. "मॅडम, गाय-बैल के लिए इंटरनेट? बाहेर रस्त्यात बसलेत ना, फुकटमें देखो!"

त्यांचं काम करायची एक रीत होती. पान हाताने लिहून झालं की मी भाकऱ्या थापताना त्या मला वाचून दाखवायच्या. "भाकरी करपली तर तुला वासाने कळतं ना? तसं वाक्य करपलं तर सांग." मी सांगायची. 'विषमखुरी' शब्द आला तेव्हा मी म्हटलं, कळला नाही. त्यांनी तो ठेवला, पण पुढे लिहिलं, घोड्याच्या पायाला एकच खूर असतो आणि गेंड्याच्या पायाला तीन बोटं. एकदा मी विचारलं, "हत्तीला नखं असतात, मग हत्ती का नाही घेतला?" तर हसून म्हणाल्या, "हत्तीचं घराणं वेगळं गं. तो आपल्यात बसत नाही." असं करत गाय, म्हैस, शेळी, सांबर, चौशिंगा, उंट अशी पुष्कळ पानं झाली. सुट्टीच्या दिवशी त्या ती परसूभाईंकडे टाइप करून इंटरनेटवर चढवायच्या.

मग चामटोलीच्या शाळेत संगणक आला. तिथल्या गुरुजींनी ताईंना बोलावलं, मलाही त्या बळेच घेऊन गेल्या. पोरं दाटीवाटीने बसली होती. ताईंनी गाईचं पान उघडलं. गाईचा फोटो दिसला आणि खाली इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, कशाचा कशाला मेळ नाही. म्हशीचं पानही तसंच. एक पोरगा म्हणाला, "बाई, ही गाईचीच भाषा हाय का?" सगळे हसले, ताईही हसल्या. येताना मात्र घरी न उतरता त्या तशाच परसूभाईंकडे गेल्या.

परसूभाईंकडे लग्नाच्या मराठी पत्रिका छापायचं काम येई, म्हणून त्यांच्या संगणकात मराठी फॉन्ट टाकलेला होता. ताईंनी सगळी पानं त्याच फॉन्टमध्ये लिहिली आणि दरवेळी त्याच संगणकावर तपासली. तो फॉन्ट नसेल तिथे त्यांचं मराठी असं दिसत होतं. आता कुठेही वाचता येईल असा युनिकोड आला होता, पण त्यात सगळं पहिल्यापासून टाइप करायचं होतं.

त्याच सुमाराला त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. डायलिसिस सुरू झालं. घरात सगळ्यांची एक भाजी आणि त्यांची वेगळी, उकडून पाणी फेकलेली, मीठ जवळजवळ नाहीच. त्यांना ती गिळवत नसे आणि मला ती रांधवत नसे. डायलिसिसच्या दिवशी मी त्यांच्यासोबत उल्हासनगरला जायची. सुटल्यावर त्यांना घरी आणायचं तर त्या परसूभाईंकडे वळायच्या. माझे यजमान चिडायचे. "जीव गेला तरी चालेल, पण गाढवाचं पान झालं पाहिजे, असंच ना?" ताई म्हणायच्या, "दादा, पोरांना वाचता आलं नाही तर मी केलं काय इतकी वर्षं?" यावर ते उठून बाहेर जायचे.

कागद बघायचा, मग पडदा बघायचा, एवढंही ताईंना सोसेना. म्हणून मी शेजारी बसून कागदावरचं वाचायची. आजूबाजूला कॉलेजची मुलं, माझा आवाज घशातच राहायचा. ताई म्हणायच्या, "मोठ्याने वाच की. गेंडा काय तुझे सासरे आहेत, एवढं हळू बोलायला?" परसूभाई गल्ल्यावरून हसायचे. मी वाचायची, त्या टाइप करायच्या, मध्येच टेबलावर डोकं टेकायच्या. मी कागदावरच्या ओळीवर बोट धरून बसायची. खरं सांगायचं तर मीही फार थकले होते. वाटायचं, लवकर संपू दे हे... काय संपू दे, ते मनातसुद्धा पुरतं बोलायची नाही.

शेवटच्या खेपेला नीलगाय होती. निम्मं पान झालं आणि एका वाक्यात ताई थांबल्या. "बस गं आता. बोटं ऐकत नाहीत. पुढच्या वेळी करू." जेवढं झालं तेवढं जुन्या मजकुराच्या जागी चढवलं. पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात ठेवूनच घेतलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

ताई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. काही आठवड्यांनी मी एकटी परसूभाईंकडे गेले. एकटीने उल्हासनगरला जायची माझी पहिलीच वेळ. त्यांना म्हटलं, ताईंचं जरा उघडून द्या. त्यांनी मला नवा संगणक दिला, त्यात पत्रिकांचा फॉन्ट नव्हता. गाय वाचता आली. म्हैस, शेळी, सांबर, सगळं स्वच्छ. मग नीलगाय उघडली. 'पळताना थोडं अंतर गेली की नीलगाय थांबते आणि' इथपर्यंत मराठी, आणि खाली तीच इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस.

परसूभाई मागे उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ये तो आधा है. निकाल दूँ? बच्चे हसेंगे."

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरच्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवलं. "आगे क्या था?"

कागद घरी राहिले होते. पण भाकऱ्या थापताना ऐकलेलं होतं, मग वाचलेलं होतं. मी सांगितलं, "मागे वळून बघते." आवाज मोठा आला असावा, कारण पलीकडच्या मुलाने मान वर केली.

परसूभाई कीबोर्ड ओढून एका बोटाने अक्षरं शोधू लागले. "बोलो वहिनी, धीरे धीरे." ताई बसायच्या ती खुर्ची माझ्या शेजारी रिकामी होती. ते तिच्यात बसले नाहीत. भिंतीकडचं स्टूल घेतलं, आणि ती खुर्ची मध्ये तशीच ठेवून, वाकडे वाकून टाइप करत राहिले.