फळ्यावरचं परकं अक्षर

सोमवारी सकाळी दहावीच्या वर्गात शिरले, तर फळा वर्तुळाच्या प्रमेयांनी भरलेला. अक्षर ठसठशीत, किंचित डावीकडे झुकलेलं. आमच्या शाळेत असं कुणाचंच नाही. ते नदीपलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शेळकेबाईंचं.

आमच्याकडे गणित कच्चं, त्यांच्याकडे विज्ञान. नापास झालेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, तिचं लग्नच ठरतं, हे दोन्ही गावांनी पाहिलेलं. म्हणून यंदा बाईंनी आणि आमच्या मुख्याध्यापक सरांनी आपसांत ठरवून टाकलं. रविवारी बाई स्कूटीवरून इकडे येतात, तेव्हा सर तिकडे प्रकाशाचं परावर्तन शिकवत असतात. एरवी या दोन शाळांचं जमायचं कुठे? त्यांचा निकाल घसरला की आमच्या स्टाफरूममधला चहा जरा जास्तच गोड लागायचा.

मी डस्टर उचललं, तशी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ते राहू द्या ना. आमचं उतरवून व्हायचंय." मग उरलेल्या कोपऱ्यात मी माझ्या मराठीच्या तासाची कविता लिहिली. शाळेचा अभिमान कुंपणाच्या आत जपायचा असतो असं मला वाटायचं. त्या दिवशी तो पूल ओलांडून आलेला दिसला.

निकालाच्या दिवशी आमच्या वर्गात गणितात कुणीही अडकलं नव्हतं. सरांनी लगेच बाईंना फोन लावला. मला वाटलं, आता ही बातमी सांगतील. त्यांनी आधी विचारलं, "बाई, आपली पोरं विज्ञानात निघाली का?"

ती पोरं नदीपलीकडची होती.