अण्णा आता कुठं असतील?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या गोष्टीत मी जसजसा शहाण्यासारखा बोलत जातो, तसतसा माझा पचका वाढत जातो.

मी विद्यापीठात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवतो. कँटीनमध्ये रसायनशास्त्राचे एक सर मला हमखास डिवचतात, "विद्यापीठात देवाधर्माचं दुकान कशाला हो?" माझं उत्तर ठरलेलं. "आम्ही धर्म शिकवतो, पाळायला सांगत नाही. आम्ही कुणाची बाजू घेत नाही." या वाक्यावर मी स्वतःच भारी खूश असायचो.

पण हे मी राहतो त्या पुंडलिकनगरात कोण समजावणार? माझ्या घरमालकीण कौसाकाकू, मूळच्या गंगापूरकडच्या. मी "धर्म शिकवतो" म्हटलं, आणि त्यांनी गल्लीभर सांगितलं, वरच्या मजल्यावर महाराज राहायला आलेत. झालं. कुणी बारशाचं नाव काढून मागतंय, कुणी बोअरचा मुहूर्त. एकानं तर नवी मोटारसायकल दारात आणून उभी केली, नारळासकट.

मी प्रत्येकाला सांगायचो, "अहो, माझा नुसता अभ्यास आहे." लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस.

मग अण्णा गेले. काकूंचे यजमान, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सकाळी धडधाकट होते, संध्याकाळी नव्हते. तेरावा झाल्यावर एक दिवस काकू जिना चढून वर आल्या.

"सर, यक इचारू का? तुम्ही लई शिकलेले. आमचे ह्ये आता कुठं असतील?"

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता? "सुखात असतील, काकू." मी काय म्हणालो असेन?

"यावर साधारण तीन मतं आहेत."

आणि तिन्ही सांगितली की हो. तिसऱ्यात दोन पोटमतं. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मला वाटलं, व्याख्यान रंगलंय.

"आन तुमचं मत?"

"आम्ही बाजू घेत नाही."

"बरं." काकूंनी मान डोलावली. "मंग यातल्या कोणत्या मतात त्यांना साखरेचा चहा मिळत आसंल?"

मी तिन्ही मतं मनात पुन्हा चाळून बघितली.

"शुगर व्हती ना त्यांना. त्या दिशी सकाळी म्हनले, आज जरा साखर घाल. म्या नाय घातली. तसाच फिका पिऊन गेले."

आणि त्या रडायला लागल्या. मी तिन्ही मतं घेऊन ठोंब्यासारखा उभा. शेवटी मला खरोखर जेवढं माहीत होतं, तेवढं बोललो.

"काकू, अण्णा रोज कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचे. साखर जास्त घाल म्हणून सांगायचे."

"त्या दिशी बी?"

"त्या दिवशी पण. मी शेजारीच उभा होतो."

काकूंनी डोळे पुसले. "लबाड मानूस," म्हणाल्या, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मग मला खाली नेऊन पोहे खायला घातले.

परवा समोरच्या बाई वास्तुशांतीचा मुहूर्त विचारायला आल्या, तर काकूंनी त्यांना फाटकातच अडवलं.

"देवाधर्माचं सरांना नगं इचारू बाई, त्येंचं अजून शिक्षण चालूय. तुझा नवरा टपरीवर काय पितो ते इचार, ते पक्कं माहीत असतंय त्येंना."