सांजेच्या भावाचा कॅमेरा

त्या दिवशी ऊन असं होतं, की कारध्याच्या पुलावर डांबर चपलेला चिकटत होतं. नदीकडे पाहवत नव्हतं, डोळे दिपत होते. वारा तर चुलीतून सुटल्यासारखा. अशा उन्हात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी पडलो! डोक्याला दुपट्टा गुंडाळला, सुनेला सोबत घेतलं आणि भंडाऱ्याला कॅमेरा घ्यायला निघालो.

चहा घ्या, बसा. माझ्या अकलेची कथा आहे, लवकर संपेल. अक्कलच तेवढी.

मी शाळेत गेलो नाही. पण चाळीस वर्षं बाजारात मासोळी विकली. म्हणून आमच्या घरी सुई जरी घ्यायची असली तरी भाव मीच करायचा, असा नियम. कोणी केला? मीच.

सून सुषमा. भंडाऱ्यातल्या एका फोटोवाल्याकडे दोन वर्षं राबली. लग्नात फोटो ती काढायची, नाव मालकाचं. आता तिला स्वतःचा कॅमेरा हवा होता. साधासुधा नाही, पुढची काच काढून दुसरी लावता येते तो, मोठा. डीएसएलआर म्हणतात. पैसे तिने स्वतः जमवले होते. आणि शेजारच्या नत्थूभाऊने आपल्या पिंकीच्या लग्नाचं काम तिलाच दिलं होतं. तिचं स्वतःच्या नावाचं पहिलं काम! लग्नाला अजून महिना होता.

दुकानदार पोराने, म्हणजे चांगला मिशीवाला माणूस होता तो, कॅमेरा काढून काचेवर ठेवला. सुषमाचे डोळे असे चमकले की मला राग आला. विकणाऱ्यासमोर असं चमकायचं असते का? भाव वाढते ना!

मी कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. जिथे काच बसते तिथलं झाकण उघडून आत पाहिलं.

"मामाजी, हे काय करून राहिले?" सुषमा हळूच म्हणाली.

"कल्ला पाहून राहिलो, ताजा हाय का."

"मासोळी नाई ना ते!"

"सगळी मासोळीच असते, बाई." मग मी दुकानदाराला विचारलं, "नवा माल कवा येते?"

"पंधरा दिवसांत येईल बाबा, याच्या पुढचं मॉडेल."

"मंग याचा भाव?"

"मग याचा उतरते थोडा."

बस्स! मला वाटलं, दुकानदार फसला. अहो, हाच तर आमचा धंदा! सकाळचा रोहू सांजेला अर्ध्या भावात जाते. सांज झाली की विकणाऱ्याचे पाय लटपटतात, उरलेला माल घरी कोण नेणार? चाळीस वर्षं सांजेच्या गिऱ्हाइकाने मला लुटलं होतं. आता माझी पाळी होती.

"उठ सुषमा. सांज होऊ दे."

"मामाजी, दुपारचा एक वाजला!"

"कॅमेऱ्याची सांज म्हणून राहिलो मी."

पुलावरून परत येताना ती सारा रस्ता माझ्यापुढे चालली.

पंधरा दिवसांनी नवा माल आला, जुन्याचा भाव उतरला. सुषमा म्हणाली, "चला, आता तरी घेऊन टाकू."

मी म्हटलं, "एकदा उतरला म्हणजे आणखी उतरते. आताच तर ऊन कललं."

"अन् लगन? नत्थूमामाले काय सांगू? हात बसाले पाहिजे माझा त्याच्यावर."

"सांग, मामाजी आहेत." काय माज होता बघा! नत्थूभाऊलाही मीच छातीठोक सांगितलं, "तू मांडव पाहाय. फोटोचं माझ्यावर सोड." त्याने सोडलं. बिचारा.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा मी शेवटचा डाव टाकला. दुपारीच दुकानात जाऊन स्टुलावर बसलो. एकटाच. सुषमाला नेलं असतं तर तिचे डोळे परत चमकले असते. कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही, पंख्याकडे पाहत राहिलो. धीर धरून बसायला मला कोण शिकवणार? गळ टाकून अख्खा दिवस नदीवर काढणारा माणूस मी!

दुकानदाराने पाणी दिलं. चहा दिला. दिवे लागले. तो झाडू मारू लागला तेव्हा मी पाय वर घेतले, पण उठलो नाही. मनात म्हटलं, आता लटपटला!

"बाबा, दुकान बंद करून राहिलो."

"तेच त! आता बोल. शेवटचा नग हाय, घरी नेशील का याले? खराब होईल."

त्याने झाडू कोपऱ्यात ठेवला. "कायले खराब होईल? उद्या इथेच विकीन ना, बाबा."

आणि शटर ओढलं. मी बाहेर, कॅमेरा आत.

दुसऱ्या दिवशी सुषमाने मला विचारलंही नाही. पैसे घेऊन एकटीच गेली. अर्ध्या तासापूर्वी अड्याळचा एक फोटोवाला तो शेवटचा नग घेऊन गेला होता. नव्या मॉडेलचे आलेले नग संपले होते, पुढचे आठ दिवसांनी. सुषमाने घरी येऊन नत्थूभाऊला स्वतः सांगितलं, "मामा, दुसरा माणूस पाहा." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

नत्थूभाऊने घाईघाईत माणूस शोधला. कोण आला? अड्याळचाच! गळ्यात तोच कॅमेरा! पंगतीत माझ्यासमोर येऊन म्हणतो, "बाबा, जरा हसा ना!" सुषमा वाढत होती. माझ्या पानात तिने भाताचा असा ढीग टाकला, की त्याच्यामागे तोंड लपवता आलं. तेवढीच तिची माया.

आठ दिवसांनी नवा कॅमेरा घेतला. मी तोंड उघडलं नाही, दुकानदार सांगेल तो भाव तिने दिला. पण तोवर पावसाळा लागला, मुहूर्त संपले. कॅमेरा घरात, सून घरात, मी ओसरीवर. ती आपली पागोळ्यांचे फोटो काढून हात बसवत होती.

एक दिवस नत्थूभाऊने कुंपणापलीकडून आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोमाभाऊ, सून रिकामी हाय, कॅमेरा रिकामा हाय, तर हार घालून भितीवर टांगाले आपला एक फोटो आजच काढून ठेवा. त्याच्यासाठी नोका आता सांज व्हाची वाट पाहू!"