डिटेन

नव्वदच्या दशकात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ‘डिटेन’ हा शब्द मराठीच समजला जाई. ज्याची हजेरी कमी भरली, तो डिटेन. त्याला परीक्षेला बसता येत नसे. ‘मी डिटेन आहे’ हे मुलं ‘मी नाशिककर आहे’ इतक्या सहजपणे सांगत. शब्दाचं मूळ, त्याचा खरा अर्थ वगैरे शोधण्याइतकी ज्ञानलालसा आमच्यात असती, तर आम्ही वर्गातच बसलो नसतो का?

दुसऱ्या वर्षी माझं नाव त्या यादीत लागलं. नोटीस बोर्डावर नाव झळकण्याचा माझा तो पहिलाच मान. कॉलेजने कर्तव्यदक्षपणे कळवणजवळच्या आमच्या गावी इंग्रजीत एका ओळीचं पत्र धाडलं. कारण लिहून शाई वाया घालवली नव्हती.

गावात इंग्रजीचे जाणकार एकच, निवृत्त हवालदार. अण्णा, म्हणजे माझे वडील, पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. ‘डिटेन्ड’वर हवालदारांचं बोट थांबलं. हा शब्द त्यांच्या खात्यातलाच.

“पोरगं अटकेत हाय,” ते म्हणाले. “का, ते लिहिलेलं नाय.”

अण्णांनी पहिली एसटी धरली. माझी खोली पंचवटीत, म्हणून ते थेट तिथल्या पोलीस चौकीत गेले. बरोबर भाकऱ्या आणि घोंगडी होती. तिथल्या शिपायाने पत्र दोनदा वाचलं.

“बाबा, आमच्याकडे नाही तो,” तो म्हणाला. “आधी खोलीवर बघा.”

दुपारचे बारा वाजले होते. मी अर्थातच झोपलो होतो. दार वाजलं, उघडलं, तर समोर अण्णा. त्यांनी माझा सदरा वर केला आणि पाठ बघितली.

“मारलं का रे तुला?”

“कुणी?”

त्यांनी पत्र पुढे केलं. मला आधी हसू आलं, मग त्यांच्या काखेतली घोंगडी दिसली.

“अण्णा, अटक नाही ही. हजेरी कमी भरली. परीक्षेला बसू देणार नाहीत.”

“म्हंजे तू कॉलेजात जातच नव्हता?”

“गेटपर्यंत जायचो. समोर चहाची टपरी आहे.”

ते खाटेवर बसले. बराच वेळ पत्राची घडी घालत राहिले. मग भाकऱ्यांचं फडकं सोडलं. “खाऊन घे. भूक लागली असंल,” एवढंच म्हणाले.

पुढचं वर्ष मी वर्गात पहिल्या बाकावर काढलं आणि पासही झालो. गावाचा गैरसमज मात्र अण्णांनी कधी दूर केला नाही. पुढे कितीतरी वर्षं लग्नकार्यात म्हातारे मला दबक्या आवाजात विचारायचे, “त्या वक्ताला काय झालं होतं रे?”

एकदा मी अण्णांना म्हटलं, “खरं सांगून टाका ना.”

“नको,” ते म्हणाले. “पोलिसांनी नाहक धरलं असंल, असं तरी म्हणतात लोक. खरं सांगितलं तर काय म्हणतील?”