दिल्लीहून दोन तास

माझ्या लेकीचं लग्न रोह्याला होतं, मुहूर्त दुपारचा. आमच्यात नवरीच्या पाठीशी मामाच उभा राहतो, आणि माझा एकुलता एक भाऊ नोकरीला दिल्लीत. "ताई, मुंबईपर्यंत विमानाने दोन तास. सकाळी निघतो, नाश्त्याला तुझ्याकडे," म्हणाला. आम्हीही ते दोनच तास धरून बसलो. विमानतळापासून रोह्यापर्यंतचा रस्ता कुणी धरलाच नाय!

विमान वेळेवर उतरलं हो. पण पेणला गाड्यांची ही रांग. मी सारखी फोन करायची. "कुठं हायस रे?"

"पेणलाच गो ताई. मघाशी होतो तिथंच."

भटजींना म्हटलं, जरा थांबा. ते म्हणाले, "बाई, मुहूर्त काय माझ्या हातात हाय?" लेक अडून बसली, "मामा आल्याशिवाय मी उभी राहणार नाय." कशीबशी तिची समजूत घातली. शेवटी माझ्या चुलतभावाला तिच्या मागे उभं केलं.

मंगलाष्टका संपल्या आणि भावाचा फोन आला. मागे हॉर्न वाजत होते. "ताई, अक्षता पडल्या का गो?"

मी व्हय म्हटलं. फोन तसाच कानाला धरून उभी राहिले.