भाचीची आणेवारी

१४ जून १९४६, शुक्रवार. लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. तारीख लक्षात राहिली ती मात्र कैऱ्यांमुळे नव्हे. त्या दुपारी माझ्या माहेरच्या सोप्यावर बसून तीन शहाण्या पुरुषांनी माझ्या भाचीला सांगलीच्या कॉलेजात जागा मिळेल की नाही, याचा निकाल लावला. तिघांपैकी एकानंही कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं.

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवत असे. सुट्टीचे शेवटचे दिवस काढायला उंब्रजजवळच्या गावी धाकट्या भावाकडे आले होते. भाऊ गावचा पाटील. भाची चार वर्षं माझ्याकडे राहून मॅट्रिक झाली होती, आणि गणित-शास्त्रातले तिचे गुण साताऱ्यातल्या मुलांना चांगलेच झोंबले होते. तिला सायन्सला जायचं होतं. सायन्सच्या जागा थोड्या, मुलींच्या हॉस्टेलातल्या खोल्या त्याहून थोड्या, आणि अर्ज पोचवायचा शेवटचा दिवस उद्याचा, शनिवारचा. भावानं भावकीला शब्द देऊन ठेवला होता: सांगलीनं घेतलं तर पोरगी शिकेल, नाही घेतलं तर पलूसचं स्थळ. पलूसचा मुलगा मी पाहिला होता. त्याचा ऊस चांगला होता.

अर्ज येऊन आठ दिवस झाले होते. ते आठही दिवस तो देव्हाऱ्यात होता. भावाच्या मते तिथं ठेवल्यानं काम होणार होतं. झालं एवढंच की, कुंकू लागून त्याचा एक कोपरा लाल झाला. शेवटी सांगलीचे एक जैन व्यापारी गुळाच्या कामासाठी आमच्याकडे आले आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत निघणार होते, म्हणून अर्ज देवाकडून काढून माणसांच्या हाती आला. इंग्रजी रकाने भाचीनं अर्ज आला त्याच दिवशी स्वच्छ अक्षरात भरले होते. शेवटचा एक रकाना तेवढा बापाचा होता: मुलीची तयारी आणि यशाची शक्यता, याबद्दल पालकाचा अभिप्राय.

मग काय, अभिप्राय सुरू झाले.

पहिले आमच्या आळीतले सुभेदार. लढाईवरून परत येऊन नुकतेच पेन्शनीत बसलेले. त्यांनी भाचीला सोप्याच्या टोकाला उभं केलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवायला सांगितलं. तिनं वाचलं. दुसरा डोळा झाकून पुन्हा वाचलं.

"नजर बराबर हाय," सुभेदार म्हणाले. "तळपाय सपाट न्हाईत न्हवं?"

"सुभेदार, ती कॉलेजात चाललीय. पलटणीत नाही," मी म्हटलं.

"भरती ती भरतीच, आक्का. ढीगभर उभं राहत्यात, मूठभर घेत्यात. ज्याच्यात खोट न्हाई त्यो आत. पोरीला बारा आणे धरा."

इथून पुढं सगळा हिशेब आण्यांत झाला. आमच्याकडे पीक आण्यांत मोजतात. भरगच्च पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ. ही आणेवारी.

सांगलीच्या शेटजींनी माझ्या परातीतली कैरीची फोड उचलली, मीठ लावलं आणि विचार केला. "आमच्या पुतण्याला त्या कॉलेजानं दोनदा न्हाई म्हटलं," ते म्हणाले. "आता बोला."

"पुतण्या अभ्यासात कसा आहे?"

"त्याला कशाला पायजे अभ्यास? घरचं दुकान हाय की." त्यांनी दुसरी फोड घेतली. "कॉलेज लय कडक हाय. दहा आणे."

भाची परत येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं अडकित्ता हातात घेतला. कैऱ्या मघापेक्षा जोरात फुटू लागल्या.

भावाची पाळी शेवटी आली. त्यानं डोळे बारीक करून लेकीकडे पाहिलं. बांधावर उभा राहून तो शेताकडे असंच पाहतो. "सहा आणे," तो म्हणाला.

सुभेदार आणि शेटजी, दोघांनीही माना डोलावल्या. पाटलाच्या तोंडी हा आकडा त्यांना नवा नव्हता. पीक कमी दाखवलं की सरकारी साऱ्यात सूट मिळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे पाहणीला अंमलदार आला की आमच्या गावचं सगळं रान एकदम आजारी पडतं. डोक्याएवढी ज्वारी उभी असली, तरी भाऊ तिच्यासमोर उभा राहून अशा आवाजात बोलतो की ऐकणाऱ्यानं टोपी काढावी. सोळा आणे पीक मी रानात अनेकदा पाहिलंय. कागदावर एकदाही नाही.

मला वाटलं, गंमत करतोय. मी मेथी भाजायला आत गेले. परत आले तेव्हा लखोटा बंद होऊन शेटजींच्या पिशवीत गेला होता आणि शेटजी मोटारीच्या वाटेला लागले होते. परातीतल्या बऱ्याच फोडीही त्यांच्याबरोबर गेल्या होत्या.

दिवेलागणीला जेवायला बसलो. मी सहज विचारलं, "काय लिहिलंस रं त्या रकान्यात?"

"लिवलं झ्याक," भाऊ म्हणाला. त्याला स्वतःचं लिखाण पाठ होतं. "पोरगी नाजूक, अभ्यास बेताचा, औंदा यशाची आशा सहा आणे, तरी सरकारनं मेहेरबान होऊन इचार करावा."

भाचीनं मोडलेला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "आबा," ती म्हणाली, "टोळधाडीचं लिवायचं राहिलं जनू."

"तुला न्हाई कळायचं. लय दाखवलं की सायेब म्हनतोय, ह्यांचं बरं चाललंय, ह्यांना कशाला द्यायचं? कमी दाखवलं की देतोय. वीस वर्सं पाटीलकी करतोय मी."

"अरे, तिथं तू सूट मागतोस," मी म्हटलं. "इथं जागा मागतोयस. जो बेताचा त्याला ते घेतच नाहीत."

"मग पाहनीला यील की सायेब. तवा दावू समदं खरं."

"कॉलेजचा साहेब तुझ्या सोप्यावर येणार व्हय, पाहणीला?"

वीस वर्षांत त्याच्या कागदामागून कुणीतरी घोड्यावर बसून आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. लखोट्यामागून कुणीच येणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायला निम्मी भाकरी लागली. मग त्यानं ताट सरकवलं.

"सोळा आणे हाय माझी पोरगी," तो म्हणाला. "मला काय ठावं न्हाई व्हय? पन कागदावर सोळा कोन लिवतं, आक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मोटारीनं मी भाचीला घेऊन सांगलीला निघाले. भाऊ सडकेपर्यंत पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "शेटजींना गाठ आन् लखोटा काढून घे." शेटजींना गाठलं. ते आमच्याकडे गुळाचा भाव सांगायला चार दिवस लावतात, पण लखोटा त्यांनी त्या दिवशी अंघोळीच्याही आधी कॉलेजात नेऊन दिला होता.

आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा तो अर्ज प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टेबलावरच होता. भावानं अभिप्राय मोडीत लिहिला होता, आणि साहेबांना मोडी येत नव्हती. कारकून शेजारी उभा राहून वाचून दाखवत होता. 'सहा आणे' आलं आणि साहेबांनी चष्मा काढला.

"आणे? कशाचे?"

"पिकाचे," मी दारातूनच म्हटलं. "पाहणीला कुणी येणार नाही असं कळलं, म्हणून शेतच घेऊन आलेय."

साहेबांना काही समजलं नाही. कारकून मात्र वाळव्याकडचा होता. त्यानं कागदाआड तोंड लपवलं, आणि हसू आवरल्यावर म्हणाला, "साहेब, पाटलानं सहा लिहिले म्हणजे बांधाबाहेर वाहतंय समजायचं. आमच्या घरी पण असंच लिहितात."

साहेबांनी भाचीला भूमितीचं एक प्रमेय घातलं. तिनं त्यांच्याच टेबलावरचा टीपकागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्या सिद्ध करून दिलं. दुसरं घातलं, तेही दिलं. मग त्यांनी कारकुनाला हॉस्टेलच्या बाईंकडे खोलीची चौकशी करायला पाठवलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "अभिप्राय खाली पुन्हा लिहा. देवनागरीत, आणि खरा."

मी टाक शाईत बुडवला. सोळाचा एक काढायला टोक कागदाला टेकलंही होतं. पण सोळा पाहून माणसाला उगाच शंका यायची. मी 'चौदा आणे' लिहिलं आणि खाली सही केली.